साचा एक, इमारती हजार

आमच्या वसाहतीत पुनर्विकासाचा विषय निघाला त्याला आता तीन वर्षं होतील. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या चौदा इमारती, सगळ्या एकसारख्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधे जिना, प्रत्येक मजल्यावर चार घरं. मागच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकास समितीतले एक जण उभे राहिले आणि म्हणाले, "या इमारती नव्या भूकंप कोडमध्ये बसतच नाहीत. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" त्यावर समोरच्या इमारतीतले काका तावातावानं उठले. "भूजच्या वेळी पंखे हलले, पण भिंतीला साधी चीर गेली नाही. तेव्हाचं काम आहे हे. तुमचे नवे टॉवर पन्नास वर्षं टिकतात का ते आधी बघा." दोघांनाही टाळ्या पडल्या. सभा संपली आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, नवी मुंबईत, जिथे जिथे सरकारी मंडळांनी एकाच नकाशावर ओळीनं इमारती उभ्या केल्या, तिथे हा वाद अगदी याच शब्दांत चालू आहे. एक पक्ष म्हणतो जुनं म्हणजे धोकादायक, दुसरा म्हणतो जुनं म्हणजे भक्कम. दोघंही इमारतीला तिचं वय विचारताहेत. मी बांधकामाच्या साइटवर पंचवीस वर्षं काढली आहेत, आणि माझं ठाम मत असं आहे की भूकंपाच्या बाबतीत वयावरून फार थोडं कळतं. विचारायचं ते हे की इमारत कुठल्या साच्यातली आहे, त्या साच्यात नेमकं काय कमी आहे, आणि बांधल्यापासून आजवर तिचं आपण काय केलं आहे. एकसारख्या वसाहतींना तर हा प्रश्न विचारणं सगळ्यात सोपं आहे, कारण एका इमारतीचं उत्तर मिळालं की तिच्या शेकडो बहिणींचं उत्तर बरंचसं हाती येतं. असं असूनही आपण ते विचारत नाही. 'पाडा' आणि 'हात लावू नका' या दोनच पर्यायांवर मतं मागतो.

आधी कोड म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सभांमध्ये हा शब्द दम दिल्यासारखा वापरला जातो. कोड म्हणजे बांधकामाची नियमावली. भूकंपाच्या डिझाइनचा आपला मूळ कोड म्हणजे आयएस १८९३. तो पहिल्यांदा १९६२ साली आला. त्यातल्या नकाशावर दख्खनचं पठार जवळपास निर्धोक मानलेलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि १९७० साली नकाशा बदलावा लागला. तरीही किल्लारी त्या नव्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्येच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांच्यावरची माळवदं त्यांच्या अंगावर आली. हजारो माणसं एका पहाटेत गेली. २००२ साली पहिला झोनच रद्द झाला. देशातला कुठलाही भाग भूकंपमुक्त नाही, हे मान्य करायला आपल्याला चाळीस वर्षं लागली. २००२ च्या त्या नकाशात मुंबई, पुणे आणि लातूर तिसऱ्या झोनमध्ये आहेत, कोयना परिसर त्याहून जास्त धोक्याच्या चौथ्या.

म्हणजे कोडची प्रत्येक आवृत्ती कुठल्या ना कुठल्या ढिगाऱ्याखालून वर आलेली आहे. ते तोवर कळलेलं ज्ञान आहे, आणि पुढचा भूकंप त्यात भर घालणारच. तेव्हा 'इमारत आजच्या कोडमध्ये बसत नाही' हे वाक्य खरं असलं, तरी त्यातून एवढंच कळतं की ती कोडच्या आधी बांधली गेली. या न्यायानं २०१० साली बांधलेली इमारतही २०१६ च्या कोडमध्ये बसत नाही. ती पाडायची का?

पण हा मुद्दा असा उडवून लावून चालणार नाही, कारण कोडमधले काही बदल खरोखरच जीवनमरणाचे आहेत. त्यातला एक अगदी जवळून दाखवतो. आरसीसी, म्हणजे सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या, कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्यांना आडव्या रिंगा बांधलेल्या असतात. जुन्या साइटवर फिटर रिंगेची टोकं काटकोनात वळवायचा. काम सोपं, हात भराभर चालतो. उभं वजन पेलायला ती रिंग पुरते. भूकंपात मात्र कॉलम आडवा हेलकावतो, सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर उडतं, आणि काटकोनातलं टोक उघडं पडून रिंग सुटते. आतलं काँक्रीट पोत्यातून धान्य सांडावं तसं निघून जातं, सळया वाकतात आणि मजला खाली बसतो. तेच टोक १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात वळवलं, आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाशी रिंगा दाट, शंभर मिलिमीटरच्या आत बांधल्या, की कव्हर उडालं तरी गाभा शाबूत राहतो. माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. इतकी छोटी गोष्ट आहे ही. आपल्याकडे आयएस १३९२० या कोडनं १९९३ साली ती नीट नियमात बांधली. पण त्याच कोडनं तिसऱ्या झोनमध्ये साधारण निवासी इमारत पाच मजल्यांहून उंच असेल तरच ती लागू केली. पुण्या-मुंबईतल्या चार-पाच मजली, बिनलिफ्टच्या, वसाहतीतल्या इमारती बरोबर त्या सुटीत बसल्या. ही सूट पुढे काढून टाकली गेली, पण दरम्यान किती कॉलम भरले गेले असतील याचा विचार करा.

तेव्हा समितीतले गृहस्थ चुकीचं बोलत नव्हते. नवा कोड जुन्यापेक्षा निःसंशय चांगला आहे. जपाननं १ जून १९८१ पासून नवे भूकंप नियम लागू केले, आणि १७ जानेवारी १९९५ ला कोबे हादरलं तेव्हा त्या तारखेआधीच्या आणि नंतरच्या इमारतींमधला फरक रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी दिसला. दुसरंही त्यांच्या बाजूनं आहे. आपल्या किनारपट्टीवर खारी हवा आणि पावसाळी ओल यांनी सळया आतून गंजतात, फुगतात, काँक्रीट फोडतात. वाशीतल्या जेएन-१, जेएन-२ या सिडकोच्या साच्यांच्या घरांमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं छताचे तुकडे पडताना पाहिले. ज्या इमारतीची सळई निम्मी गंजून गेली, तिला भूकंप तर सोडाच, चौथ्या मजल्यावरचं लग्नघरही जड होऊ शकतं. अशा इमारती पाडायलाच हव्यात आणि त्यात दिरंगाई होऊ नये. पुनर्विकासात सभासदाला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत, मजबुतीकरणात लागतात, हेही खरं आहे. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोडपेक्षा मोठी वाटते आणि ते रास्त आहे.

मग माझं म्हणणं कुठे टिकतं? ते समजायला ७ डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियात जावं लागेल. सोव्हिएत सत्तेनं दशकानुदशकं एकाच साच्यातल्या इमारती हजारोंनी उभ्या केल्या. माणसानं एका शहरातून दुसऱ्यात घर बदललं तरी स्वयंपाकघर त्याच जागी सापडायचं. लेनिनाकान, आजचं ग्युम्री, या शहरात नऊ मजली इमारतींचे दोन साचे शेजारी शेजारी होते. एकात कारखान्यात ओतलेले कॉलम आणि बीम साइटवर आणून जोडलेले, दुसऱ्यात खोलीएवढ्या काँक्रीटच्या भिंतीच पत्त्यांसारख्या उभ्या करून बांधलेल्या. काळ तोच, सरकार तेच, शहर तेच. त्या दिवशी झालेल्या स्पिताकच्या भूकंपात पहिल्या साच्याच्या शंभराहून अधिक इमारतींपैकी निम्म्याहून जास्त जमीनदोस्त झाल्या. दुसऱ्या साच्यातल्या उभ्या राहिल्या. त्या भूकंपात आर्मेनियात सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. सारख्या वयाच्या दोन इमारतींपैकी एक कबर झाली आणि दुसरी घर राहिली, हे वयानं ठरवलं का? ते जोडांनी ठरवलं, भिंतींनी ठरवलं. कोबेतही हेच दिसलं. १९८१ च्या कितीतरी आधी बांधलेल्या, काँक्रीटच्या भिंतींवर उभ्या असलेल्या बुटक्या सरकारी वसाहतींना फारसं काही झालं नाही. 'जुनं म्हणजे धोकादायक' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं.

'जुनं म्हणजे भक्कम' म्हणणाऱ्या काकांसाठी रशियातल्या सखालिन बेटावरचं नेफ्तेगोर्स्क आहे. तेलकामगारांचं छोटं गाव, साठच्या दशकातल्या सतरा पाच मजली इमारती, सगळ्या एका साच्याच्या. साच्यात भूकंपाचा विचारच नव्हता, कारण नकाशावर तिथे मोठा भूकंप अपेक्षित नव्हता. २८ मे १९९५ च्या रात्री सतराच्या सतरा कोसळल्या. सुमारे तीन हजारांच्या वस्तीतली दोन हजार माणसं गेली. त्या इमारतीही त्या रात्रीपर्यंत तीस वर्षं व्यवस्थित उभ्या होत्या. नकाशा चुकला आणि साचाही चुकला, की काय होतं हे किल्लारी पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

आणि भूजच्या वेळी भिंतीला चीर गेली नाही याचं काय? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र पुण्यापासून साडेसहाशे किलोमीटर दूर होतं. आपल्यापर्यंत आला तो धक्क्याचा शेवटचा तरंग. त्याच भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काय झालं? तिथे कितीतरी बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. त्यातल्या बहुतेकांचा तळमजला गाड्यांसाठी उघडा ठेवलेला होता. वरचे मजले विटांच्या भिंतींनी ताठ, खाली नुसते कॉलम. म्हणजे सगळं हेलकावणं त्या एकाच मजल्यावर आलं आणि तो बसला. त्या इमारती जुन्या मुळीच नव्हत्या. छोट्या परीक्षेत पास झाल्यानं मोठ्या परीक्षेत काय होईल ते कळत नाही. उलट छोटी परीक्षा कधी कधी इमारत आतून मोडून जाते. रोमेनियाची राजधानी बुखारेस्टमधल्या उंच निवासी इमारती १० नोव्हेंबर १९४० च्या भूकंपातून बहुतेक वाचल्या. लोकांनी भेगा लिंपल्या, रंग दिला आणि संसार पुढे चालवला. ४ मार्च १९७७ ला तीसहून अधिक इमारती कोसळल्या, त्यात याच वाचलेल्या इमारती मोठ्या संख्येनं होत्या. 'एकदा वाचली' हा त्यांचा दाखला छत्तीस वर्षं चालला.

इमारतीचं आपण काय केलं, हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. आमच्या वसाहतीचा मूळ नकाशा पाहिला तर साचा वाईट नाही. खोल्या लहान म्हणून भिंती जवळ जवळ, तळमजल्यावरही घरं म्हणून भिंती थेट जमिनीपर्यंत, आकार सरळ आयताकृती, उंची कमी. भूकंपाच्या दृष्टीनं या सगळ्या जमेच्या बाजू आहेत. पण रस्त्याकडच्या एका इमारतीत तळमजल्याच्या दोन घरांचं दुकान झालं आहे. शटर बसवायला समोरची भिंत काढली, माल ठेवायला मधली काढली. एका रात्रीत घण घालून पोटातल्या दोन भिंती काढल्या आणि वर तीन मजल्यांवर लोक झोपलेले होते. त्या कोपऱ्यापुरतं आपण आपल्या हातानं अहमदाबाद तयार केलं. शिवाय बाल्कन्या बंद झाल्या, गच्चीवर टाक्या वाढल्या, त्यांच्या गळतीनं खालचे बीम ओले राहिले. १९७८ चा साचा आणि आजची इमारत ही आता एक गोष्ट राहिलेली नाही. हे सगळं बाहेरून रंग पाहून किंवा बांधकामाचं साल पाहून कसं कळणार?

आता नव्या टॉवरकडे वळू. नवा टॉवर नव्या कोडप्रमाणे बांधला, तर तो जुन्या चार मजल्यांपेक्षा सुरक्षित असेल, हे मी आधीच मान्य केलं आहे. सगळं वजन त्या 'तर' वर आहे. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जण गेले. ना भूकंप होता ना वादळ. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला तर इमारत बांधता बांधताच पडली आणि सत्तरहून जास्त माणसं चिरडली गेली. तुर्कस्ताननं १९९९ च्या भूकंपानंतर आपला कोड २००७ आणि २०१८ मध्ये सुधारला. तो जगातल्या चांगल्या कोडांपैकी एक मानला जातो. त्याच २०१८ साली तिथल्या सरकारनं बेकायदा आणि वाढीव बांधकामं दंड भरून नियमित करण्याची योजनाही आणली. ६ फेब्रुवारी २०२३ ला पन्नास हजारांहून जास्त माणसं ढिगाऱ्याखाली मेली, आणि कोसळलेल्यांत नव्या, जाहिरातीत 'भूकंपरोधक' म्हणून विकलेल्या इमारतीही होत्या. कोड कितीही उत्तम असला तरी काँक्रीट ओतण्याआधी सळया तपासणारा माणूस स्लॅबवर हजर लागतो. बेकायदा मजले नियमित करायच्या आपल्याकडच्या घोषणांना टाळ्या वाजवताना हे आठवायला हवं.

यापेक्षाही मोठा दोष मला दुसरीकडे दिसतो. पुनर्विकास चालतो तो चटईक्षेत्रावर, म्हणजे त्या जागेवर किती बांधकामाला परवानगी आहे त्यावर, आणि शेवटी जमिनीच्या भावावर. दादरला, कोथरूडला, वाशीला बिल्डर येईल, कारण वाढीव मजले विकून त्याचा खर्च निघतो. पण सातारा जिल्ह्यातल्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या पाटण तालुक्यातल्या सरकारी क्वार्टर्ससाठी कोण येणार? लातूरच्या, सोलापूरच्या जुन्या वसाहतींसाठी? जमिनीच्या भावाचा नकाशा आणि भूकंपाच्या धोक्याचा नकाशा एकावर एक ठेवून पाहा. कोयनेच्या खोऱ्यात धोका राज्यात सगळ्यात जास्त मोजला आहे आणि तिथे जादा मजला विकत घ्यायला कोणी नाही. सुरक्षितता बाजारभावाला बांधली, की जिथे ती सगळ्यात जास्त हवी तिथेच ती पोचत नाही. पुनर्विकास हेच भूकंपाचं उत्तर म्हणणाऱ्यांनी पाटणच्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते सांगावं.

एक आक्षेप मात्र मी मनापासून गंभीर मानतो. आपल्याकडे दर पावसाळ्यात इमारती पडतात, आगी लागतात, लोकलमधून माणसं पडतात. मुंबई-पुण्यात विनाशकारी भूकंपाची शक्यता हिमालयाच्या तुलनेत कमी आहे. मग मर्यादित पैसा तिथे का घालायचा? याला माझं उत्तर असं की हे दोन वेगळे खर्च नाहीत. गंजलेल्या कॉलमचं कव्हर फोडून, सळई साफ करून, भोवती नव्या सळया आणि दाट रिंगा बांधून जॅकेटिंग केलं, तर तो कॉलम जुलैच्या पावसातही टिकेल आणि धक्क्यातही. आजही सोसायट्या जॅकेटिंग करतातच. पण ते मोडक्या कॉलमपुरतं होतं, बीमच्या सांध्यापाशी आणून सोडून दिलं जातं, कारण कोणी भूकंपाचा हिशेब केलेला नसतो. दहा टक्के जादा विचार केला असता तर त्याच खर्चात दोन्ही कामं झाली असती.

आणि हिशेब का होत नाही? कारण तो कोणी मागतच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३५३-ब त्यासाठीच घातलं गेलं. आमच्या वसाहतीचं ऑडिट झालं तेव्हा मी अहवालाचं पान न् पान वाचलं. हातोडीच्या चाचणीचे आकडे, ध्वनिलहरींचे आकडे, गंजाचे आकडे, तडे गेलेल्या छज्ज्यांचे रंगीत फोटो. चाळीसहून जास्त पानांत 'भूकंप' हा शब्द कुठेही नव्हता. रिंगा किती अंतरावर आहेत, दुकानासाठी काढलेल्या भिंतींचं काय, जिन्याचा भाग बाकीच्या इमारतीला कसा बांधला आहे, यातलं काहीही विचारलेलं नव्हतं. यात ऑडिटरला दोष देता येणार नाही, त्याला दिलेल्या नमुन्यात ते रकानेच नव्हते. हे ऑडिट इमारत आज स्वतःचं वजन पेलते का तेवढं पाहतं. आणि याच अहवालाच्या आधारावर सभेत एक पक्ष 'भूकंपात पडेल' म्हणतो आणि दुसरा 'काही होणार नाही' म्हणतो!

साच्याचा प्रश्न विचारणं व्यवहारात जमतं का, अशी शंका येईल. ते जमतं, आणि या उपखंडात ते नव्वद वर्षांपूर्वी जमलं होतं. १९३१ साली बलुचिस्तानात माच इथे भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरनं क्वेट्टामध्ये कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टर्सचा एक साचा तयार केला. त्यात जुन्या रुळांचा सांगाडा घातला आणि आडव्या बलाचा हिशेब धरला. कोड नव्हता, सक्ती नव्हती. ३१ मे १९३५ ला क्वेट्टा शहर उद्ध्वस्त झालं आणि त्या क्वार्टर्स उभ्या राहिल्या. एक चांगला साचा एकदा नीट विचार करून काढला की तो सगळ्या वसाहतीला वाचवतो, हे आपल्याच जुन्या अनुभवात आहे. साचेबद्धतेला आपण नावं ठेवतो, आगपेट्या म्हणतो. पण जी चूक हजार ठिकाणी सारखी आहे, तिची दुरुस्तीही हजार ठिकाणी सारखीच असते.

महाराष्ट्रानं स्वतः हे केलेलं आहे. किल्लारीनंतर बावन्न गावं नव्यानं वसवली, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच कार्यक्रमात अनेक जिल्ह्यांतली लाखोंच्या घरातली घरं जागेवर दुरुस्त आणि मजबूत केली गेली, ते आपण विसरलो. मराठवाड्यातलं दगडमातीचं घर हाही एक साचाच होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नाहीत आणि डोक्यावर मातीचं ओझं, हे त्याचे दोष एकदा ओळखले. मग भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड, वरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, माळवदाची माती कमी करणं, हे उपाय गावोगावच्या गवंड्यांना शिकवता आले. प्रत्येक घराला सल्लागार नेमावा लागला नाही. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को वसाहतीत १९८५ च्या भूकंपात नुएवो लेओन ही मोठी इमारत कोसळली. त्यानंतर तिथल्या काही इमारती पाडल्या, काहींचे वरचे मजले उतरवले, बाकीच्या मजबूत केल्या. म्हणजे एकाच वसाहतीत तीन वेगळे निर्णय झाले. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१३ साली आणि लॉस एंजेलिसनं २०१५ साली उघड्या, कमकुवत तळमजल्याच्या जुन्या लाकडी इमारतींचा साचाच कायद्यात लिहिला आणि ठरावीक मुदतीत मजबुतीकरण सक्तीचं केलं. या शहरांनी भूकंप आल्यावर हळहळण्याआधी आपल्या साच्यांची यादी केली.

आपल्याकडे कोडही तयार आहे. आयएस १५९८८ हा २०१३ चा कोड जुन्या आरसीसी इमारती कशा तपासायच्या आणि मजबूत करायच्या यासाठीच आहे. त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. जुन्या इमारतीचं उरलेलं आयुष्य कमी असतं, म्हणून तिला नव्या इमारतीएवढं बल पेलायला सांगत नाहीत, साधारण दोन तृतीयांश धरतात. म्हणजे 'नव्या कोडमध्ये बसत नाही, म्हणून पाडा' हा युक्तिवाद खुद्द कोड लिहिणाऱ्यांनाही मान्य नाही. म्हणून मागणी अशी हवी. ज्या सरकारी मंडळांनी या वसाहती बांधल्या त्यांनी आपली जुनी ड्रॉइंग बाहेर काढावीत, साच्यांची यादी करावी, प्रत्येक साच्याच्या चार-दोन इमारती उघडून तपासाव्यात आणि निष्कर्ष सगळ्यांना वाचता येतील असे मांडावेत. ऑडिटच्या नमुन्यात भूकंपाचे रकाने यावेत. ज्या साच्याला दुरुस्ती पुरते तिचं डिझाइन मंडळानंच करून द्यावं, आणि जी सोसायटी ते काम करेल तिला मालमत्ता करात सूट आणि स्वस्त कर्ज मिळावं. आज टॉवर बांधणाऱ्याला सवलतींचा ढीग मिळतो, आणि आहे ते घर मजबूत करणाऱ्याला स्वतःच्या खिशातून वर्गणी काढावी लागते. अशा तराजूत तोलून सभासदांनी पुनर्विकास निवडला, तर त्याला निवड कसं म्हणायचं? तपासणीनंतर एखादा साचा खरोखरच वाईट निघाला तर मी स्वतः पहिली सही करीन.

सभेनंतर मी आमच्या इमारतीचं मूळ ड्रॉइंग मिळतं का ते पाहायला गेलो. चार हेलपाटे झाले. पाचव्या वेळी एका वयस्कर कारकुनानं कपाटावरची गुंडाळी खाली काढली, धूळ झटकली आणि टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर रजिस्टरं ठेवली. निळा कागद घडीवर फाटलेला होता, पण कॉलमच्या सळया-रिंगांचा तक्ता स्वच्छ वाचता येत होता. रिंगा वरपासून खालपर्यंत २२५ मिलिमीटरवर, म्हणजे नऊ इंचांवर, टोकापाशीही तेवढ्याच विरळ. मला हवं होतं ते उत्तर दहा मिनिटांत मिळालं होतं. समासात कुणीतरी पेन्सिलनं आणखी सहा वसाहतींची नावं लिहून ठेवली होती, जिथे जिथे हेच ड्रॉइंग वापरलं त्यांची. त्यातल्या दोन सातारा जिल्ह्यातल्या होत्या.